जोडआडनावातली रेघ

प्रश्न : लग्नानंतर मी माहेरचे आणि पतीचे अशी दोन्ही आडनावे संयोगचिन्हाने जोडून लावते. पासपोर्टवर तसेच छापलेले आहे. परंतु विमानाच्या तिकिटावर ती रेघ गायब होऊन आडनावे एकमेकांना चिकटतात, तर काही ऑनलाइन अर्ज हे चिन्हच नाकारतात. ही रेघ सोडून द्यावी का?

उत्तर : रेघ सोडू नये. तिकिटावर ती दिसली नाही, एवढ्यावरून सहसा काही बिघडत नाही. पासपोर्टच्या छायाचित्राच्या पानावर तळाशी यंत्राने वाचण्यासाठी दोन ओळी असतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांनुसार त्यांतल्या पहिल्या ओळीच्या ४४ जागांपैकी ३९ जागा नावासाठी राखलेल्या असतात आणि तिथे संयोगचिन्ह चालतच नाही. त्याच्या जागी कोनासारखी एक खूण येते. आडनाव संपून नाव सुरू होते तिथे मात्र अशा दोन खुणा येतात. म्हणजे आडनावाचे दोन भाग रेघेने जोडले आहेत की मोकळ्या जागेने, याच्याशी यंत्राला कर्तव्य नसते. आडनाव कुठे संपते, एवढे ते जपते.

तुम्हीही तेच जपावे. अर्जाने रेघ नाकारल्यास मोकळी जागा सोडावी, तीही चालत नसेल तर सलग लिहावे. पण दोन्ही भाग आडनावाच्याच रकान्यात आणि त्याच क्रमाने हवेत. पहिला भाग मधल्या नावाच्या रकान्यात गेला की खरा घोळ सुरू होतो, कारण मग शोध घेणाऱ्याला तुमचे आडनाव अर्धेच सापडते. रेघ नसलेल्या नावांना हा त्रास अधिक होतो. कादंबरीकार गाब्रिएल गार्सिया मार्केस यांचे आडनाव ‘गार्सिया मार्केस’ असूनही कितीतरी जण त्यांना नुसते ‘मार्केस’ म्हणतात. संगीतकार अँड्र्यू लॉइड वेबर यांची गंमत तर आणखी निराळी : त्यांच्या आडनावात रेघ नाही, पण सरदारकीच्या किताबात आहे!

प्रश्न : आईवडील दोघांचीही जोडआडनावे असतील, तर मुलांच्या आडनावाचे चार भाग होतील का?

उत्तर : बहुधा कोणीतरी वेळीच कात्री लावते. स्पेनमध्ये मुलाला आई आणि वडील यांच्यापैकी प्रत्येकाच्या दोन आडनावांतले फक्त पहिले आडनाव मिळते, त्यामुळे पिढ्या कितीही गेल्या तरी संख्या दोनच राहते. इतरत्र ही निवड घरातच होते. १९३५ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या इरेन आणि फ्रेडरिक या दांपत्याने ‘जोलिओ-क्युरी’ असे आडनाव लावले. त्यांचा मुलगा पिएर मात्र नुसता जोलिओ, आणि मुलगी एलेन लग्नानंतर लांजवॅं-जोलिओ झाली.