नाळ की वार?

बडोद्याच्या दांडिया बाजारातून एका ताईंनी विचारलंय. गरोदर बायकांसाठीच्या एका गुजराती पत्रकाचं मराठी करताना त्यांनी लिहिलं, ‘आईच्या आहारातली मेदाम्लं नाळेतून बाळाकडे झिरपतात.’ (मेदाम्लं म्हणजे फॅटी ॲसिडं.) सासूबाईंनी ‘नाळ नव्हे गं, वार’ म्हणून ते खोडलं. बरोबर कोण?

सासूबाई. बाळाच्या बेंबीपासून निघते ती दोरी म्हणजे नाळ. तिच्या दुसऱ्या टोकाला गर्भाशयाला चिकटलेली, दिवस भरल्यावर साधारण अर्धा किलो भरणारी मांसल चकती म्हणजे वार. बाळ झाल्यावर कापतात ती नाळ, मागाहून पडते ती वार. घोळ वाक्प्रचाराने घातला. ‘तिथे काय तुझी नाळ पुरलीय?’ असं विचारतो आपण, पण खड्ड्यात वारही जायची, तिचं नाव मात्र कुणी घेत नाही. चरकसंहितेत दोन्ही वेगळ्या आहेत: बाळाच्या नाभीला नाडी, नाडीला अपरा, अपरा आईच्या हृदयाशी जोडलेली.

या अपरेचंच रूप मला आपल्या ‘वार’मध्ये आणि तुमच्या शेजारणींच्या गुजराती ‘ओर’मध्ये दिसतं. ‘प’चा ‘व’ आपल्याला नवा नाही, दीपाचा दिवा झालाच की! आणि लिंग सांभाळा. सोमवारातला वार, तलवारीचा वार, कापडाचा वार हे सगळे पुल्लिंगी. ही एकटी बाई. म्हणून ‘वारातून’ नको, ‘वारेतून’.

‘झिरपतात’ मात्र सासूबाईंच्या नजरेतूनही सुटलं. माठातून पाणी झिरपतं, त्यात माठाचं काही कर्तृत्व नसतं. वारेचं असतं. तिच्यात आईचं आणि बाळाचं रक्त एकमेकांत मिसळत नाही, मधे पेशींचा पडदा असतो. आईच्या रक्तातली ट्रायग्लिसराइडं, म्हणजे मेदाम्लांची जुडी असलेली चरबी, अख्खी पलीकडे जातच नाहीत. पडद्याच्या आईकडच्या अंगाला लायपेज नावाची विकरं (एन्झाइमं) असतात, ती त्यांना फोडतात. सुटी झालेली मेदाम्लं थोडी आपसूक सरकतात, पण बरीचशी खास प्रथिनं धरून आत घेतात आणि आतली दुसरी प्रथिनं पुढे नेतात. त्यातही आवडनिवड आहे. बाळाच्या मेंदूला आणि डोळ्यांना लागणारं डीएचए नावाचं मेदाम्ल वार झुकतं माप देऊन पाठवते, म्हणून एकूण मेदाम्लांतला त्याचा वाटा आईच्या रक्तातल्यापेक्षा बाळाच्या रक्तात सहसा जास्त आढळतं. एवढा उद्योग करणारीला वाक्यात कर्तेपद तरी द्यायला हवं.

नाळेलाही हाकलू नका. वारेतून निघालेला माल तिच्यातल्या शिरेवाटेच बाळापर्यंत जातो, तेव्हा ताईंचं चुकलं ते शेवटच्या टप्प्यालाच सगळा प्रवास समजल्यामुळे. ‘मेदाम्लं’ ठेवा, ‘स्निग्धाम्लं’ही चालेल, पण एका पत्रकात एकच.

मी असं लिहीन: ‘आईच्या आहारातली मेदाम्लं वार वेचून घेते आणि नाळेवाटे बाळाला पोचवते.’ आणि ‘वार’पुढे कंसात ‘ओर’ टाका. बडोद्यातल्या तरुण सुनांना तोच शब्द आधी कळेल.