वाढत्या फर्मचं बोट धरून लंडनला येताना

तू ‘दादा’ म्हणून विचारलंस, तेव्हा मीही अरे-तुरेतच लिहितो. तुझा प्रश्न थोडक्यात असा: तू सीए, ऑडिट आणि व्हॅल्युएशनमध्ये सात वर्षं काढलेली. लंडनमधल्या एका बड्या जागतिक प्रायव्हेट इक्विटी फर्मकडून, म्हणजे गुंतवणूकदारांच्या पैशातून कंपन्या विकत घेणाऱ्या फर्मकडून, ऑफर आली आहे, तीही क्रेडिट फंडांचं, म्हणजे कंपन्यांना कर्ज देणाऱ्या फंडांचं, मूल्यांकन करणाऱ्या टीममध्ये. फर्मच्या हाताखालचा पैसा पाच वर्षांत दुप्पट झालाय. बायको आणि चार वर्षांची मुलगी बरोबर येणार. आणि शेवटचं वाक्य तुझ्याच शब्दांत: “इतक्या वेगाने वाढणारी फर्म आहे, मग तिथे आपणही वाढूच ना?”

त्या वाक्यातला ‘मग’ मला खटकला. तेरा वर्षांपूर्वी मी इथे आलो तेव्हा हाच ‘मग’ माझ्याही डोक्यात होता, आणि तो मला चांगलाच महागात पडला. ती गोष्ट पुढे सांगतो. आधी अशी फर्म वाढते म्हणजे नेमकं काय वाढतं ते पाहू. त्यासाठी याच धंद्यातली ब्लॅकस्टोन ही फर्म घेऊ, कारण तिचा इतिहास उघड आहे.

१९८५ साली स्टीफन श्वार्झमन आणि पीटर पीटरसन यांनी चार लाख डॉलर घालून न्यू यॉर्कमध्ये ती काढली. नावातही दोघंच बसलेत: जर्मनमध्ये ‘श्वार्झ’ म्हणजे काळा आणि ग्रीकमध्ये ‘पेत्रोस’ म्हणजे दगड. सुरुवातीला फंड नव्हताच, कंपन्यांना विलीनीकरणाचे सल्ले देऊन पोट भरत होते. पहिला फंड १९८७ मध्ये उभा राहिला, ८० कोटी डॉलरच्या वर, आणि तोही ऑक्टोबरमध्ये शेअर बाजार कोसळायच्या अगदी तोंडावर. नशीब, दुसरं काय! दोनच वर्षांत एजकॉम्ब नावाच्या पोलाद वितरण कंपनीत घातलेले पैसे बुडाले. मग एकट्याच्या जोरावर कुणीही सौदा पुढे रेटायचा नाही, सगळ्या भागीदारांनी बसून आधी त्यातले धोके उकरायचे, अशी शिस्त त्यांनी लावून घेतली. आज प्रत्येक फर्ममध्ये ‘इन्व्हेस्टमेंट कमिटी’ म्हणून जे प्रकरण तुला दिसेल, त्याच्यामागे बहुतेक वेळा असा एखादा एजकॉम्ब असतो.

पण तुझ्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. १९८८ मध्ये लॅरी फिंक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ब्लॅकस्टोनच्याच छपराखाली रोख्यांच्या गुंतवणुकीचा व्यवसाय सुरू केला. तो झपाट्याने वाढला. वाढला तशी नवी माणसं घ्यावी लागली आणि त्यांना मालकीतला वाटा किती द्यायचा यावरून वाद पेटला. फिंकला वाटा द्यायचा होता, श्वार्झमनला आपला हिस्सा आणखी पातळ होऊ द्यायचा नव्हता. शेवटी तो व्यवसाय २४ कोटी डॉलरला पीएनसी या बँकेला विकून टाकला. त्याचं आजचं नाव ब्लॅकरॉक, हाताखाली दहा लाख कोटी डॉलरच्या वर रक्कम. श्वार्झमनने स्वतःच पुढे ही चूक झाल्याचं कबूल केलंय. लोक ही गोष्ट ‘केवढी संधी हुकली’ म्हणून सांगतात. मला त्यात भांडणाचा विषय महत्त्वाचा वाटतो. धंदा वाढतोय याबद्दल त्या खोलीत कुणाचंच दुमत नव्हतं. ती वाढ नव्याने आलेल्यांपर्यंत पोचू द्यायची की नाही, एवढाच प्रश्न होता. तुझ्या ऑफरमध्येही तोच प्रश्न आहे, फक्त तो कुणी तुला विचारणार नाही. तुलाच विचारावा लागेल.

पुढचा प्रवास भराभर सांगतो. नव्वदच्या दशकात रिअल इस्टेट आलं, २००० मध्ये लंडनचं ऑफिस, २००७ च्या जूनमध्ये न्यू यॉर्कच्या शेअर बाजारात नोंदणी. शेअर ३१ डॉलरला विकला होता, तो २००९ च्या सुरुवातीला चार डॉलरच्याही खाली गेला. मधल्या पडझडीतच, २००८ मध्ये, जीएसओ ही क्रेडिट फर्म विकत घेऊन त्यांनी कर्जाच्या धंद्यात पाय रोवले. जुलै २०२३ मध्ये हाताखालची रक्कम एक लाख कोटी डॉलरवर गेली, आणि सगळ्या फर्ममध्ये माणसं किती, तर साधारण पाच हजार. हा आकडा नीट बघ. पैसा दुप्पट झाला म्हणून खुर्च्या दुप्पट होत नाहीत, आणि वरच्या खुर्च्या तर मुळीच नाहीत. दहा अब्जांचा फंड चालवायला पाच अब्जांच्या फंडाच्या दुप्पट भागीदार लागत नाहीत. किंबहुना हे गणित असं आहे म्हणूनच हा धंदा इतका फायद्याचा आहे.

आता पैसा येतो कुठून ते समजून घे, म्हणजे आपली खुर्ची कुठल्या नळाखाली आहे ते कळेल. नळ दोन आहेत. पहिला फीचा: गुंतवणूकदारांनी कबूल केलेल्या रकमेवर दरवर्षी दीड ते दोन टक्के, फंड चालो न चालो. दुसरा कॅरीचा, म्हणजे नफ्यातला वाटा. बहुतेक बायआउट फंडांत, म्हणजे कंपन्या विकत घेऊन पुढे विकणाऱ्या फंडांत, गुंतवणूकदारांना आधी वर्षाला आठ टक्क्यांच्या आसपास परतावा मिळायला हवा, मग फर्म नफ्यातला पाचवा हिस्सा घेते. पूर्वी दुसऱ्या नळाचं अप्रूप होतं. पण फर्म शेअर बाजारात नोंदल्या गेल्या आणि भागधारकांना पहिलाच जास्त आवडू लागला, कारण तो दर तिमाहीला हमखास वाहतो. म्हणून आता धाव आहे ती ठरलेल्या मुदतीला परत द्यावा न लागणाऱ्या पैशाकडे: विमा कंपन्यांचा पैसा, श्रीमंत व्यक्तींचा पैसा. याच धंद्यातल्या अपोलोने २०२२ च्या जानेवारीत अथीन ही विमा कंपनी स्वतःत विलीन करून घेतली. तशाच केकेआर या फर्मने ग्लोबल अटलांटिक या विमा कंपनीचा उरलेला हिस्सा जानेवारी २०२४ मध्ये घेतला. हा सगळा पैसा मुख्यतः क्रेडिटमध्ये जातो. तुला क्रेडिटमध्ये बोलावणं आलं, त्याचं मूळ इथे आहे.

म्हणजे तुझी खुर्ची पहिल्या नळाखालची. याला मी कमी लेखत नाही, उलट सध्याच्या काळात ती जागा जास्त भरवशाची आहे. २०२२ पासून व्याजदर चढले, कंपन्या विकणं अवघड झालं आणि बायआउट फंडांतली कॅरी जागच्या जागी अडकली. डील टीममधले, म्हणजे कंपन्या विकत घ्यायचे सौदे करणारे, माझे कितीतरी मित्र कागदावर लक्षाधीश आहेत आणि घराचा हप्ता पगारातून भरतात. हिल्टन हॉटेलांचं उदाहरण घे. ब्लॅकस्टोनने २००७ मध्ये ती साखळी २६ अब्ज डॉलरला घेतली, लगेच मंदी आली, आणि त्यांनीच आपल्या हिशेबात त्या गुंतवणुकीची किंमत सुमारे ७० टक्क्यांनी खाली आणली. शेवटचा शेअर विकला २०१८ मध्ये, नफा १४ अब्जांच्या आसपास. सौदा गाजला, पण मध्ये अकरा वर्षं गेली. व्हिसावर आलेल्या माणसाच्या आयुष्यात अकरा वर्षं केवढी असतात, ते मी तुला वेगळं सांगायला नको.

आणि तुझ्या कामाचं वजनही वाढलंय. पूर्वी मूल्यांकन तिमाहीला व्हायचं, वाचणारे मोजके पेन्शन फंड. आता व्यक्तींसाठीच्या फंडांत दर महिन्याला लोक आत येतात, बाहेर जातात, आणि तू काढलेल्या आकड्यावर येतात-जातात. ब्लॅकस्टोनच्याच ब्रीट या रिअल इस्टेट फंडात २०२२ च्या शेवटी पैसे परत मागणाऱ्यांची रांग लागली. महिन्याला दोन टक्के आणि तिमाहीला पाच टक्के ही मर्यादा लावावी लागली, आणि ‘तुमची सांगितलेली किंमत खरी कशावरून?’ हा प्रश्न सगळ्या धंद्याला विचारला जाऊ लागला. इथल्या एफसीए या नियामकानेही मार्च २०२५ मध्ये खासगी मालमत्तांच्या मूल्यांकनाचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात मूल्यांकन करणारे आणि सौदा करणारे यांच्यात अंतर हवं यावर भर आहे. तो अहवाल मुलाखतीच्या पुढच्या फेरीआधी वाच. तुझा वरिष्ठ कुणाला उत्तर देतो हे त्यांना नक्की विचार: फायनान्स प्रमुखाला की डील टीमच्या प्रमुखाला? दुसरं उत्तर आलं तर आकडा लिहिणारा हात तुझा असेल आणि आकडा ठरवणारं तोंड दुसऱ्याचं.

आता माझी फजिती. मी आलो तो डील टीममध्ये, एका मध्यम आकाराच्या फर्ममध्ये. नाव घेत नाही. फर्म तेव्हा जोरात होती, नवा फंड आधीच्या दुप्पट. मला पगार आधीच्या नोकरीपेक्षा थोडाच जास्त, पण वर कॅरीचे ‘पॉइंट’ दिले. मी रात्री बसून एक्सेलमध्ये त्या पॉइंटांचे पौंड केले. बाजारात तुरी म्हणतात ना, तसलाच प्रकार. पॉइंट पाच वर्षांत टप्प्याटप्प्याने माझे होणार होते. चौथ्या वर्षी फर्मने आमचा विभाग गुंडाळून क्रेडिटवर भर द्यायचं ठरवलं. मला दुसऱ्या टीममध्ये हलवत होते, मी राजीनामा दिला. करारात ‘बॅड लीव्हर’ नावाचं एक कलम होतं: स्वतःहून सोडलं तर न मिळालेले पॉइंट तर जातातच, मिळालेल्यांतलेही काही परत. सही करताना मी ते पान वाचलं होतं. कळलं मात्र चार वर्षांनी. वर सहा महिने ‘गार्डन लीव्ह’. पगार चालू होता, पण दुसरीकडे रुजू होता येत नव्हतं. लोकांना वाटायचं मजा आहे. मला झोप नव्हती, कारण नव्या नोकरीचा व्हिसा त्या तारखांशी जुळवायचा होता. त्या सगळ्या काळात फर्म वाढतच होती, बरं का. आजही वाढतेय.

व्हिसाचं थोडक्यात. स्किल्ड वर्कर व्हिसा मालकाच्या प्रायोजकत्वावर चालतो. नोकरी गेली की नवा प्रायोजक शोधायला साधारण ६० दिवस मिळतात, आणि तेवढ्यात या धंद्यातली मुलाखतींची एक फेरीसुद्धा संपत नाही. कायमच्या वास्तव्यासाठी आजवर पाच वर्षं धरली जायची. २०२५ च्या मे महिन्यात सरकारने ही मुदत दहावर नेण्याचा प्रस्ताव मांडला. तेव्हा हिशेब दहाचाच कर, आणि सही करण्याच्या आठवड्यात सरकारी संकेतस्थळावर नियम पुन्हा बघ. आरोग्य अधिभार प्रौढ माणसाला वर्षाला १,०३५ पौंड आणि मुलीला ७७६, तोही सगळ्या वर्षांचा एकदम आगाऊ भरावा लागतो. फर्म तुझा भरेल. बायको-मुलीचा भरते का ते लेखी घे. फोनवर एचआर ‘हो हो’ म्हणतं, त्याला अर्थ नाही.

आणखी एक गोष्ट मोठ्या फर्मच्या बाबतीत हमखास घडते. वाढीच्या एका टप्प्यावर फंड अकाउंटिंग, मूल्यांकन, रिपोर्टिंग ही कामं लंडनमधून हलवली जातात: लक्झेंबर्गला, जर्सी बेटावर, किंवा बाहेरच्या प्रशासक कंपनीकडे. फंड कागदोपत्री तिथेच नोंदलेले असतात, जागा स्वस्त पडते, म्हणून ते साहजिकच आहे. तुझ्या टीममधली किती माणसं लंडनमध्ये बसतात आणि गेल्या दोन वर्षांत नवी भरती कुठे झाली, हे विचार. भावी साहेबाला विचारू नकोस, तो गोड बोलेल. टीममधल्या तुझ्या वयाच्या माणसाशी अर्धा तास बोलायला मिळेल का म्हण. नाही म्हणाले तर तेही उत्तरच.

मी तुझ्या जागी असतो तर आलो असतो, पण पगार आणि रोख बोनस एवढ्यावरच लंडनचं घरभाडं आणि मुलीचं पाळणाघर भागतं का, हे आधी पाहिलं असतं. को-इन्व्हेस्टमेंटची, म्हणजे फर्मच्या सौद्यांत आपलेही पैसे घालायची संधी, ‘पुढे कॅरीचा विचार करू’ वगैरे जे काही ते म्हणतील, त्याची किंमत हिशेबात शून्य धरली असती. मूळ पगार दहा टक्क्यांनी वाढवून मागितला असता आणि त्याच्या बदल्यात ती गाजरं सोडून दिली असती. पदाच्या नावावर भांडू नकोस, इथे प्रत्येक फर्ममध्ये ‘व्हाइस प्रेसिडेंट’ पैशाला पासरी आहेत.

सही करण्याआधी करारातला डिफर्ड (पुढे ढकलून दिला जाणारा) बोनस, नोटीस आणि ‘लीव्हर’ची कलमं असलेली पानं मला पाठव. फर्मचं नाव आणि आकडे झाकून पाठव, मला ते नकोत. शनिवारी सकाळी मोकळा असतो, वाचून फोन करीन.