दसऱ्यानंतरचं तेलपाणी : लाकडी डेकवरची प्रश्नोत्तरं

पाऊस ओसरला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा रंग बदलतो. जून ते सप्टेंबर गळतीचे प्रश्न असतात, दसऱ्यानंतर काळवंडलेल्या फळ्यांचे. या वेळी डेकच्या तेलाबद्दल इतक्यांनी विचारलंय की हा सगळा भाग त्यालाच देतो.

प्रश्न : मुळशीजवळ आमचं शेतघर आहे. तीन वर्षांपूर्वी समोर दहा बाय वीस फुटांचा सागवानी डेक करून घेतला. दुकानातलं डेक ऑइल फार महाग पडतं. घरी तेल करता येईल का? प्रमाण काय घ्यावं?

येईल, आणि त्यात अवघड काही नाही. हार्डवेअरच्या दुकानात ‘डबल बॉइल्ड बेलतेल’ मागा. हे जवसाचं तेल असतं, बेलफळाशी त्याचा काही संबंध नाही. सोबत टर्पेंटाइन घ्या. पहिल्या हाताला दोन्ही समान, दुसऱ्या हाताला दोन भाग तेल आणि एक भाग टर्पेंटाइन. तुमचा डेक दोनशे चौरस फुटांचा. पहिल्या हाताला दोन लिटर मिश्रण लागेल, दुसऱ्याला दीड. म्हणजे दोन लिटर बेलतेल आणि दीड लिटर टर्पेंटाइन आणलं की झालं. लाकूड फार तहानलेलं असेल तर थोडं जास्त धरा.

टर्पेंटाइनचं काम एवढंच, की तेल पातळ करून आत उतरवायचं आणि स्वतः उडून जायचं. विस्तवापासून लांब ठेवा. रॉकेल घालू नका. ते सावकाश उडतं आणि वास महिनाभर पायाशी घोटाळत राहतो.

आता रंगाचं. नुसतं तेल पाणी अडवतं, ऊन अडवत नाही. उन्हातले अतिनील किरण लिग्निन, म्हणजे लाकडाचे तंतू एकत्र धरून ठेवणारा पदार्थ, तोडतात, पाऊस ते धुऊन नेतो आणि फळी राखाडी होते. त्याला उतारा रंगद्रव्याचा. लोहाची लाल माती, म्हणजे आपली काव किंवा दुकानातलं रेड ऑक्साइड, वस्त्रगाळ करून लिटरमागे दोन-तीन चमचे घाला आणि लावताना सतत ढवळत राहा, नाहीतर ती तळाशी बसते. सागाचा रंग थोडा लालसर होईल. तो आवडतोय का हे आधी एखाद्या फळीच्या खालच्या बाजूला लावून बघा.

लावण्याआधी डेक घासून धुवा आणि चार-पाच कोरडे, उन्हाचे दिवस जाऊ द्या. मग ऐंशी नंबरच्या पॉलिश पेपरने रेषेच्या दिशेने घासा. याहून बारीक कागद नको, लाकूड गुळगुळीत होऊन तेल पीत नाही. काम सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर करा. तापलेल्या फळीवर टर्पेंटाइन लगेच उडतं आणि तेल वरच राहतं. ब्रशने सढळ हाताने लावा. फळ्यांची कापलेली टोकं तेल अक्षरशः ओढून घेतात, तिथे दोन-तीनदा फिरवा. पंधरा-वीस मिनिटं थांबा आणि मग, इथेच निम्मे लोक चुकतात, वर राहिलेलं सगळं तेल जुन्या सुती कपड्याने पुसून काढा. ‘राहू दे की थोडं, मुरेल’ असं वाटतं. ते मुरत नाही. वर साय धरतं, ती चिकट राहते आणि तिच्यावर धूळ, पिसं, कुत्र्याचे केस सगळं बसतं. पुसून झाल्यावर तळहात फळीवर दाबा. हात चमकला तर पुन्हा पुसा. दोन दिवसांनी दुसरा हात, त्यालाही हाच नियम. चालायला चौथ्या दिवसापासून, खुर्च्या-टेबल आठवड्यानंतर.

प्रश्न : चिपळूणला आमच्या पडवीच्या फळ्यांना वडिलांनी घरचं खोबरेल लावलं. दोन महिने झाले, अजून चिकट आहे, खवट वास येतो आणि मुंग्यांची रांग लागली आहे. काय करू?

वडिलांना बोलू नका, हेतू चांगला होता. तेलं दोन जातींची. काही हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतात आणि लाकडात कायमची बसतात, काही जन्मभर तेलच राहतात. आयोडीन मूल्यावरून, म्हणजे शंभर ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन शोषतं त्या आकड्यावरून, हे कळतं. जवसाच्या तेलाचं ते साधारण 170 ते 200, शेंगदाण्याचं शंभराच्या आत आणि खोबरेलाचं जेमतेम दहाच्या आसपास. जितका आकडा मोठा तितकं तेल सुकणार. म्हणून खोबरेल, गोडेतेल, एरंडेल लाकडावर सुकत नाही. करंज तेल आणि कडुनिंबाचं तेलही त्यातच धरा.

तुमच्या फळ्या जाड कापड टर्पेंटाइनमध्ये भिजवून घासा आणि लगेच कोरड्या कापडाने टिपून घ्या. दोन-तीन फेऱ्या लागतील. मग भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्याने धुवा आणि चांगलं वाळू द्या. आत मुरलेलं सगळं खोबरेल निघणार नाही, पण वरचं गेलं की मुंग्याही जातील. बेलतेलाची घाई नको. आधी एक फळी करून आठवडाभर बघा.

प्रश्न : नागपूरला घाण्यावरचं शुद्ध जवसाचं तेल सहज मिळतं. ते घरी उकळलं की ‘बॉइल्ड’ होईल ना?

नाही, आणि कृपा करून उकळू नका. दुकानातल्या बेलतेलात कोबाल्ट, मँगनीजसारख्या धातूंचे क्षार सुकवण्यासाठी घातलेले असतात. ‘बॉइल्ड’ हे नाव जुन्या पद्धतीतून उरलंय. पूर्वी रंगारी तेल मुरदाडशिंग घालून तापवत. मुरदाडशिंग म्हणजे शिशाचं ऑक्साइड, विषच. आजोबांच्या वहीत ती कृती सापडली तर वही जपा, कृती करू नका. गॅसवर तापलेलं तेल पेटलं तर स्वयंपाकघर जातं, हे वेगळं सांगायला नको.

घाण्याचं कच्चं तेल चालतं, फक्त फार सावकाश सुकतं. एकेका हाताला आठ-आठ दिवस धरा. थोडं लवकर सुकायला हवं असेल तर जुनी, बिनविस्तवाची युक्ती आहे. रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत निम्म्यापर्यंत तेल भरा, तोंडाला मलमल बांधा आणि बरणी कडक उन्हात ठेवून रोज एकदा ढवळा. काही आठवड्यांत तेल फिकट आणि मधासारखं दाटसर होतं. वापरताना टर्पेंटाइन जास्त घालावं लागतं. हौस म्हणून झकास, पण दोनशे फुटांच्या डेकसाठी बरण्यांची रांग लावण्यापेक्षा दुकान गाठा आणि घाण्याचं तेल चटणीवर घ्या.

आता एक गोष्ट कुणीही विचारलेली नाही, म्हणून मीच सांगतो : तेलाची फडकी.

बेलतेल सुकताना उष्णता निघते. फळीवर पातळ थर असतो, ती हवेत निघून जाते. पण तेलकट फडक्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर उष्णता आतच साठते आणि बोळा आपोआप पेटू शकतो. काडी लागत नाही. 23 फेब्रुवारी 1991 रोजी फिलाडेल्फियातल्या ‘वन मेरिडियन प्लाझा’ या 38 मजली इमारतीला लागलेली आग बाविसाव्या मजल्यावर ठेवलेल्या अशाच जवसाच्या तेलाच्या फडक्यांपासून सुरू झाली. तीन अग्निशामक जवान गेले. वरचे मजले एकामागून एक जळत गेले आणि तिसाव्या मजल्यावरच्या पाण्याच्या फवाऱ्यांनी ती रोखली.

माझ्या कारखान्यात एकदा जेवणाच्या सुट्टीनंतर करपलेल्या फोडणीसारखा वास आला. सकाळी टोपलीत फेकलेला बोळा उलगडला तर आतून हाताला चटका बसला. तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक फडकं उघडं करून बाहेर तारेवर एकेरी वाळत घालतात आणि कडक झालं की टाकतात. लगेच टाकायचंच असेल तर पाण्याने भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवा.

प्रश्न : दापोलीत सगळे सांगतात, गॅरेजमधलं काळं ऑइल मारा, वाळवी येत नाही. काही जण काजूच्या टरफलांचं तेल सांगतात. कोणतं बरं?

काळं ऑइल कुंपणाच्या खांबांना मारलेलं मीही पाहिलंय. डेकवर नको. ते कधीच सुकत नाही, अनवाणी पायांना आणि रांगत्या मुलांच्या गुडघ्यांना लागतं. इंजिनातल्या जळणाची घातक संयुगं आणि धातूंचा कीस त्यात असतो, आणि पहिल्या पावसात ते ओघळून विहिरीच्या वाटेला लागतं.

काजूच्या टरफलांचं तेल मात्र खरंच गुणी. वाळवीला आणि बुरशीला ते मानवत नाही, वाशांना आणि होड्यांना लोक लावत आले आहेत. पण काजू बिब्ब्याच्याच कुळातला. कच्चं तेल अंगावर उततं, फोड येतात. घराच्या पाठीमागच्या, हात न लागणाऱ्या लाकडाला जाड हातमोजे घालून जरूर लावा, बसायच्या जागी नाही. आणि वाळवीचा खरा बंदोबस्त तेलात नाही. फळ्या जमिनीपासून वीतभर तरी वर हव्यात, खाली वारा खेळायला हवा आणि खांब मातीत न पुरता दगडावर उभा हवा. जुन्या घरांचे खांब दगडी तळखड्यावर असायचे ते याचसाठी.

प्रश्न : लोणावळ्याच्या डेकवर पहिल्याच पावसाळ्यात काळे डाग पडले. तेल वाईट होतं का?

डाग कसले ते आधी ओळखा. एका डागावर कपड्यांच्या ब्लीचचा एक थेंब टाका. दोन-चार मिनिटांत फिका पडला तर बुरशी. जवसाचं तेल हे बुरशीचं खाणंच असतं, विशेषतः जाड थर राहिला असेल तर. घासून, धुऊन, पूर्ण वाळवून पुन्हा पातळ हात द्या.

डाग तसाच राहिला आणि तो स्क्रूभोवती असेल तर लोखंड आणि टॅनिन, म्हणजे लाकडातला तुरट अंश, यांचं ते काम. लिटरभर कोमट पाण्यात साठेक ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिडची पावडर विरघळवून लावा आणि भरपूर पाण्याने धुवा. डाग डोळ्यांदेखत उतरतो. हातमोजे आणि चष्मा घाला, पावडर मुलांपासून दूर ठेवा. आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्या, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा हेच.

प्रश्न : आम्ही सिॲटलला राहतो. 1998 साली बांधलेला डेक घराबरोबर मिळाला. हिरवट दिसतो. घासून बेलतेल लावू का?

थांबा, पॉलिश पेपर खाली ठेवा. अमेरिकेत 2003 च्या अखेरपर्यंत पुष्कळशा घरगुती डेकच्या लाकडात ते टिकावं म्हणून तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक भरलेलं असायचं. हिरवट रंग शेवाळाचा असेल, पण त्या काळच्या प्रक्रियेचाही असू शकतो. असं लाकूड घासून त्याची धूळ नाकात घेऊ नये आणि तुकडे चुलीत जाळू नयेत. मऊ ब्रशने साबणाच्या पाण्याने धुवा. आणि तुमच्याकडच्या त्या रिपरिप, उन्हाविना हिवाळ्यात नुसतं बेलतेल काळं पडेल. तिथल्या दुकानातलं बुरशीनाशक आणि रंगद्रव्य असलेलं स्टेनच घ्या. घरच्या तेलाचा हट्ट इथे नको.

प्रश्न : एकदा लावलेलं तेल किती दिवस पुरतं?

कोकण-मावळात एक पावसाळा. पाण्याचे थेंब शिंपडून बघा. मोत्यासारखे उभे राहिले तर अजून वेळ आहे, मिनिटभरात मुरले तर ब्रश काढा.

प्रश्न : ओटीवरच्या झोपाळ्याला हेच तेल चालेल का?

चालेल. झोपाळ्याला रंगद्रव्य नको. शेवटच्या हाताच्या तेलात लिटरमागे पन्नासेक ग्रॅम मधमाश्यांचं मेण गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात विरघळवून घ्या, टर्पेंटाइन विस्तव बंद करून मगच घाला. डेकवर हे मेण चालत नाही, पाय घसरतो. पांढरा सदरा घालून बसायचं असेल तर दहा दिवस थांबा.