धोरण ठरवते कोण?

प्रश्न : सरकार एखादा कायदा करायला घेते, तेव्हा उद्योगांच्या, कामगारांच्या, डॉक्टरांच्या संघटना मंत्र्यांना भेटतात, निवेदने देतात आणि पुष्कळदा निर्णय आपल्याला हवा तसा वळवून घेतात. मते आपण लोकप्रतिनिधींना देतो, मग धोरण भलत्याच लोकांनी का ठरवावे? सरकारने अशा दबावगटांना दारात तरी का उभे करावे? — एक वाचक

उत्तर : आपली अस्वस्थता रास्त आहे, परंतु दार बंद करण्याचा उपाय मला पटत नाही. दबावगट स्वतः सत्तेवर येऊ पाहत नाहीत. सत्तेवर जो कोणी असेल त्याच्याकडून आपले काम करून घेऊ पाहतात, आणि सरकारलाही त्यांची गरज असते. एखादा नियम प्रत्यक्ष दवाखान्यात, कारखान्यात किंवा शेतात कसा लागू पडेल याची खडान्‌खडा माहिती मंत्रालयातील अधिकाऱ्यांकडे असतेच असे नाही. ती त्या क्षेत्रात रोज काम करणाऱ्यांकडे असते. शिवाय ज्यांच्या हातून योजना राबवायची, तेच रुसून बसले तर कायदा कागदावरच राहतो.

ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेचे उदाहरण या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. कायदा 1946 सालीच संमत झाला होता, पण 1948 च्या सुरुवातीला डॉक्टरांच्या संघटनेने सभासदांचा कौल घेतला, तेव्हा प्रचंड बहुमत विरोधात गेले. आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन यांनी रुग्णालयांतील तज्ज्ञांना खासगी रुग्ण तपासण्याची मुभा ठेवली आणि सर्वसाधारण डॉक्टरांना पूर्णवेळ पगारी नोकर केले जाणार नाही, यासाठी कायद्यात दुरुस्ती करण्याचे आश्वासन दिले. मात्र उपचार सर्वांना आणि मोफत, या मूळ तत्त्वावरून ते हटले नाहीत, आणि 5 जुलै 1948 रोजी सेवा सुरू झाली. कुठे नमते घ्यायचे आणि कुठे ठाम राहायचे हे सरकारला आधीच ठाऊक असेल, तर दबावगटाशी झालेली घासाघीस धोरणाला मारक ठरत नाही, असे मला यावरून वाटते.

कधी कधी सरकार आणि दबावगट एकाच बाजूला उभे असतात. भूसुरुंगांवर बंदी आणण्यासाठी 1992 साली सहा संस्थांनी मोहीम उभारली. पुढे कॅनडासारखी सरकारे तिच्या बरोबरीने उतरली आणि 1997 च्या डिसेंबरात ओटावा येथे करारावर सह्या झाल्या.

खरी चिंता मला मोर्चे आणि घोषणांची वाटत नाही, कारण त्या सर्वांना दिसतात. चिंता आहे ती मसुदा लिहिला जात असतानाच्या शांत बैठकांची. समजा, मसुद्यात वाक्य आहे : ‘प्रत्येक कारखान्याने सांडपाणी शुद्ध करूनच नदीत सोडावे.’ अंतिम नियमात ते ‘व्यवहार्य असेल तेथे शुद्ध करून’ असे होते. तीन शब्दांची भर पडली, पण त्या तीन शब्दांत अख्खा नियम वाहून गेला. कारण काय व्यवहार्य आहे हे आता कारखानदारच सांगणार. ज्या मूठभरांचा मोठा फायदा त्यात अडकलेला असतो, ते वकील नेमून प्रत्येक कलम वाचतात, तर ज्या लाखोंचे थोडे थोडे नुकसान होणार असते, त्यांना त्याचा पत्ताही नसतो. अर्थशास्त्रज्ञ मॅन्सर ओल्सन यांनी ही विषमता 1965 साली नेमकी मांडली होती. सर्व गट एकमेकांना आपोआप तोलून धरतात, हा समज म्हणूनच मला भाबडा वाटतो.

यावर उपाय आहे तो भेटींची नोंद उघड ठेवण्याचा. अमेरिकेत 1995 च्या कायद्यानुसार व्यावसायिक लॉबिस्टना, म्हणजे मोबदला घेऊन इतरांसाठी सरकारदरबारी रदबदली करणाऱ्यांना, नोंदणी करून कामाचा तपशील जाहीर करावा लागतो. जर्मनीत 2022 पासून अशी नोंदवही सक्तीची झाली. तंबाखूच्या बाबतीत जग आणखी पुढे गेले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण कराराचे कलम 5.3 सरकारांना सांगते की, आरोग्यधोरण तंबाखू उद्योगाच्या हितसंबंधांपासून वाचवा. माझ्या मते असा कडक अपवाद तेथेच योग्य आहे, जेथे उद्योगाचा नफा आणि लोकांचे आरोग्य यांत तडजोडीला जागाच नाही.

आता आपल्यासारख्या नागरिकाने काय करावे? मसुदा हरकती व सूचनांसाठी खुला होतो, त्या मुदतीत तो मुळातून वाचावा. ‘हा कायदा अन्यायकारक आहे’ एवढेच लिहिलेले पत्र फाइलला लावले जाते. परंतु कोणत्या कलमातील कोणता शब्द काढावा, त्याजागी काय घालावे आणि त्याने कोणाचे काय नुकसान टळेल, हे लिहिलेल्या पत्राला अधिकाऱ्याला काहीतरी उत्तर द्यावे लागते. तसे पत्र शेजारच्या दहाजणांच्या सह्यांनिशी गेले, तर तोही दबावगटच झाला.