शेजार भेटतो कचऱ्याच्या कोपऱ्यावर

प्रश्न : मुलगा-सून वर्षभरापूर्वी नोकरीसाठी कावासाकीला गेली. सून म्हणते, भिंतीपलीकडे कोण राहतं तेही कळत नाही. लिफ्टमध्ये मान लववतात आणि गप्प. पोर एकटी पडली आहे. जपानी माणसं अशीच तुटक असतात का? खेड्यात तरी बोलतात का?
— एक आई, ऐरोली

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून योकोहामातले माझे पहिले महिने आठवले. ठाण्यात नौपाड्याच्या चाळीत वाढलेली मी. दुपारी दार लावलं, तर शेजारच्या काकू विचारायच्या, ‘बरं नाही का गं?’ आणि तिथं दिवसभर फ्रिजची घरघर तेवढी सोबतीला.

पहिली ओळख झाली ती कचऱ्यामुळे. जळणारा कचरा आठवड्यातून दोनदा, सकाळी आठच्या आत, ठरलेल्या कोपऱ्यावर ठेवायचा. कावळ्यांनी उपसू नये म्हणून वर जाळी. एकदा माझी पिशवी न उचलता, चिठ्ठी चिकटवून तिथंच ठेवलेली. वरच्या मजल्यावरच्या आजी आल्या. पिशवीतली पाण्याची बाटली काढली, झाकण वेगळं केलं, लेबल नखानं सोललं, विसळायची खूण केली. तोंडातून शब्द नाही. रागावल्या असं वाटून मला रडूच आलं. दुसऱ्या दिवशी दाराच्या मुठीला पिशवी अडकवलेली : दोन संत्री आणि कचऱ्याचं वेळापत्रक, प्रत्येक वाराला वेगळी रंगीत पेन्सिल.

खेड्याचं म्हणाल, तर नंतर दोन वर्षं नागानोच्या डोंगरात राहिले. तिथं ‘काइरानबान’ म्हणजे सूचनांची पाटी घरोघर फिरते. वाचायची, आपल्या नावाचा शिक्का मारायचा आणि पुढच्या घरी नेऊन द्यायची. माझ्या आणि पुढच्या घरामध्ये तीन घरं कुलूपबंद होती. (२०२३च्या सरकारी पाहणीत देशभर सुमारे ९० लाख घरं रिकामी निघाली.) पाटी घेऊन येणाऱ्या बाई उंबऱ्याच्या आत यायच्या नाहीत, पण मुळा द्यायच्या आणि गुडघे कसे आहेत ते सांगायच्या. पाटी दोन दिवस एकाच घरी अडली, की कुणीतरी डोकावून यायचं. म्हातारी माणसं एकेकटी राहतात ना.

म्हणून सूनबाईंना सांगा, कचरा नवऱ्याकडे सोपवू नका, स्वतः आठच्या आत न्या. दर वेळी तीच चार माणसं भेटतील. ‘ओहायो गोझाइमास’, म्हणजे ‘सुप्रभात’, आपणच आधी म्हणायचं. वस्तीचं मंडळ, म्हणजे ‘चोनाइकाइ’, आहे का ते विचारा. बऱ्याच शहरांत स्वयंसेवक जपानी शिकवतात. त्या वर्गात आपल्यासारख्याच इतर देशांतल्या सुना भेटतात, मला तिथंच मैत्रिणी मिळाल्या.

आणि बेसनाचे लाडू करून शेजारी जरूर द्या, पण दोनच, कागदात नीट बांधून. डबाभर दिलेत, तर त्यांना तेवढ्याच तोलाची परतफेड करण्याची काळजी लागते.