‘आठवीतल्या मुलासाठी नवी पुस्तके सुचवा’

सुट्टी जवळ आली की पालकांचा एक प्रश्न हमखास येतो : मुलगा पुस्तकाला हातच लावत नाही, त्याच्या वयाची चार नवी पुस्तके लिहून द्या. अमळनेर तालुक्यातील एक शिक्षक हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे आले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मुलगा आठवीत, सेमी इंग्रजीला. घरी आणलेली थोर पुरुषांची चरित्रे तशीच करकरीत पडून होती. परंतु वडिलांच्या मनाला लागले होते ते वेगळेच. ‘श्यामची आई’ हे त्यांच्या लहानपणीचे सर्वांत लाडके पुस्तक, साने गुरुजींनी जेथे शिक्षक म्हणून काम केले त्याच अमळनेरात आपणही शिकलो याचा त्यांना अभिमान, आणि मुलाने मात्र ते पुस्तक पहिल्या काही पानांतच मिटून ठेवले होते. “आमचं काय चुकलं, मॅडम?” असे विचारताना त्यांचा आवाज दाटून आला.

त्या दिवशी मी यादी दिली नाही. पुस्तकावर छापलेला वयोगट हा सर्वसाधारण अंदाज असतो. समोरचे मूल कशात रमते आणि त्याला कितपत सहज वाचता येते, हे त्यावरून कळत नाही. म्हणून पुढच्या भेटीत मुलाला सोबत आणायला सांगितले, टेबलावर निरनिराळ्या प्रकारची पुस्तके मांडून ठेवली आणि वाचनाचा विषयच काढला नाही. त्याने सापांवरचे एक सचित्र पुस्तक उचलले, भराभर पाने उलटली आणि एका चित्रावर बोट ठेवून अहिराणीत म्हणाला, “हाई घोणस शे, अजगर नही.” कापसाच्या शेतात घोणस दिसली की तिला अजगराचे पिल्लू समजून माणसे जवळ जातात, पण तिच्या पाठीवरचे डाग साखळीसारखे ओळीने असतात, हे त्याने मला नीट समजावून सांगितले. मग चित्राखालच्या दोन ओळी वाचायला सांगताच तोच मुलगा अडखळू लागला. बोट अक्षरांखालून सरकत होते, जोडाक्षरापाशी थांबत होते, आणि प्रत्येक वेळी तो चोरून वडिलांकडे पाहत होता.

त्याला कुतूहल भरपूर होते. संकोच होता तो आपले अडखळणे उघडे पडण्याचा. घरात अहिराणी, शाळेत गणित-विज्ञान इंग्रजीतून, त्यामुळे ग्रांथिक मराठीशी त्याची गाठ बहुधा उरलेल्या विषयांच्या तासांपुरतीच पडे. अशा वेळी प्रथम डोळे तपासून घ्यावेत, आणि सराव होऊनही अडखळणे कमी होत नसेल तर अध्ययन अक्षमतेची तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी, असे मी पालकांना आवर्जून सांगते. या मुलाचे डोळे ठीक होते आणि सरावाने वाचनही सुधारत गेले.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांनी 1931 मध्ये जे पाच नियम मांडले, त्यांतला एक असा की प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे. या मुलाचे पुस्तक म्हणजे मजकूर थोडा, प्रकरणे लहान, पण विषय मोठ्यांचा. कारण भाषा सोपी म्हणून बाळबोध गोष्टी हातात दिल्या तर तेरा वर्षांच्या मुलाला तो अपमान वाटतो. ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशन संस्थेच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी पुस्तके विनामूल्य आहेत आणि ती वयापेक्षा वाचनाच्या पायरीनुसार लावलेली आहेत. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघते, त्यातले लेख एका बैठकीत संपतात. नॅशनल बुक ट्रस्टची प्राणी-पक्ष्यांवरची पुस्तके खिशाला परवडतात. निवड मुलानेच करावी. एक पान उघडावे, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटावे, आणि पान संपण्याआधीच पाचही बोटे मिटली तर ते पुस्तक सध्या बाजूला ठेवावे. अर्धवट सोडलेल्या पुस्तकाचा हिशेब घरात कोणी मागू नये, ही अट मी वडिलांकडून कबूल करून घेतली.

‘श्यामची आई’चे काय, हा त्यांचा प्रश्न उरलाच होता. ते पुस्तक 1935 चे. त्यातले कोकणातले घर आणि रीतिरिवाज खानदेशातल्या आजच्या मुलाला परके वाटले तर नवल नाही. पण त्याची रचनाच रात्री गोष्ट सांगण्याची आहे, 42 रात्रींची. मी म्हटले, “सर, ते त्याला वाचायला देऊ नका, जेवणं झाल्यावर तुम्हीच एकेक रात्र वाचून दाखवा, आणि त्यावर प्रश्न विचारू नका.”

काही महिन्यांनी त्यांचा फोन आला. मुलगा वाचतो, पण फक्त सापांचेच. हे चालेल का, अशी नवी काळजी होती. नक्की चालेल, असे मी सांगितले. पुढच्या वेळी सापांच्या पुस्तकाशेजारी जंगलात घडणारी एखादी लहान साहसकथा ठेवावी, तिच्याविषयी काही बोलू नये, आणि त्याने ती उचलली नाही तर पुन्हा सापांचेच पुस्तक आणून द्यावे.