युरोपातल्या आइस हॉकी लीग उत्तर अमेरिकेतल्या एनएचएलच्या तुलनेत कितपत तगड्या आहेत?

एनएचएल निर्विवाद पहिली. माझ्या मते त्यानंतर रशियाची केएचएल आणि तिच्या पाठोपाठ स्वीडन व स्वित्झर्लंडच्या लीग. पण म्हणून त्यांना दुय्यम म्हणून हिणवू नका.

मोठा फरक रिंकचा, म्हणजे बर्फाच्या मैदानाचा आहे. एनएचएलचा रिंक सुमारे 26 मीटर रुंद, तर युरोपात वर्षानुवर्षं 30 मीटरचा (हल्ली तिकडेही अरुंद रिंक दिसतात). चार मीटर ऐकायला किरकोळ वाटतात, पण अरुंद रिंकवर पक (खेळायची चकती) स्टिकला लागतो न लागतो तोच बचावपटू अंगावर येतो. विचार करायला उसंतच मिळत नाही. युरोपात गाजलेले कित्येक जण इथेच अडखळतात.

अव्वल खेळाडू मात्र लगेच रुळतात. आर्तेमी पानारिन 2015 मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या संघाबरोबर केएचएलचा गागारिन कप जिंकून एनएचएलच्या शिकागो संघात गेला आणि पहिल्याच हंगामात 77 गुणांसह (गोल आणि गोलसाठीचे पास मिळून) सर्वोत्तम नवोदित ठरला. ऑस्टन मॅथ्यूज तर अमेरिकन असून आधी स्विस लीगमध्ये झुरिककडून खेळला. 2016 मध्ये एनएचएलमध्ये टोरंटोकडून पहिल्याच सामन्यात त्याने चार गोल ठोकले!

खरी दरी दिसते ती संघाच्या तिसऱ्या-चौथ्या फळीत (खेळाडू अशा गटांनी आळीपाळीने बर्फावर उतरतात). एनएचएलमध्ये तिथेही युरोपात सहज स्टार ठरतील असे खेळाडू बसलेले असतात.